हिममानवाचा पुरावा जातो कोठे?

एप्रिल २०१९ मध्ये भारतीय सेनेने आपल्या अधिकृत ट्विटर खात्यावर काही छायाचित्रे प्रसिद्ध केली. नेपाळमधील मकालू शिखराच्या तळछावणीजवळ सेनेच्या गिर्यारोहक पथकाला ९ एप्रिल रोजी बर्फावर उमटलेली पावले आढळली होती. त्यांची लांबी ३२ इंच आणि रुंदी १५ इंच होती. ही पावले ‘यती’ची, म्हणजेच हिममानवाची, असे त्या मजकुरात म्हटले होते. देशभर चर्चेला आणि थट्टेला ऊत आला. त्या गदारोळात एक साधी गोष्ट मात्र फारशी कोणाच्या लक्षात राहिली नाही. नेपाळी सेनेच्या वतीने पुढे असे सांगण्यात आले की, तेथील रहिवासी आणि पथकाबरोबरचे हमाल यांच्या मते ती पावले त्या भागात नेहमी दिसणाऱ्या रानटी अस्वलाची होती.

ज्यांचे सारे आयुष्य त्या डोंगरात गेले, त्यांनी अस्वल म्हटले. आणि ज्यांनी बाहेरून येऊन पाहिले, त्यांनी हिममानव म्हटले. गेल्या शंभर वर्षांतील हिममानवाच्या शोधाचा बराचसा इतिहास या एका विसंगतीत सामावला आहे.

हा शोध लहानसहान नव्हता. त्यासाठी मोहिमा निघाल्या, श्रीमंतांनी पैसा ओतला, वृत्तपत्रांनी खास बातमीदार पाठविले, शास्त्रज्ञांनी प्रयोगशाळा खुल्या केल्या. तरीही हाती एक हाड, एक दात, एक निर्विवाद छायाचित्र का येऊ नये? या प्रश्नाची दोन ठरीव उत्तरे आहेत. श्रद्धाळू म्हणतात, हिमालय अफाट आहे आणि प्राणी अतिशय लाजाळू आहे. संशयवादी म्हणतात, सारी भाकडकथा आहे, मग पुरावा कोठून येणार? ही दोन्ही उत्तरे अपुरी आहेत. कारण पुरावा मिळाला नाही हे गृहीतच मुळी खरे नाही. पुरावा मिळाला, अनेकवार मिळाला. प्रश्न आहे तो मिळालेल्या पुराव्याचे पुढे काय झाले, हा.

एका शब्दाचा जन्म

१९२१ मध्ये लेफ्टनंट कर्नल चार्ल्स हॉवर्ड-बरी यांच्या नेतृत्वाखाली एव्हरेस्टच्या पाहणीसाठी पहिली ब्रिटिश मोहीम गेली. ल्हाक्पा ला या खिंडीच्या वाटेवर, वीस हजार फुटांहून अधिक उंचीवर, त्यांना बर्फात पावले दिसली. ती बहुधा मोठ्या करड्या लांडग्याची असावीत आणि मऊ बर्फात पाय दुहेरी पडल्याने ती अनवाणी माणसाच्या पावलांसारखी दिसत असावीत, असे त्यांचे स्वतःचे मत होते. बरोबरच्या हमालांनी मात्र त्या प्राण्याला आपल्या भाषेत एक नाव दिले. मोहीम परतल्यावर कलकत्त्याच्या ‘स्टेट्समन’ या दैनिकात लिहिणारे हेन्री न्यूमन यांनी दार्जिलिंगमध्ये या हमालांची गाठ घेतली. हमालांच्या बोलण्यातील ‘मेतोह’ या शब्दाचा अर्थ न्यूमन यांनी ‘गलिच्छ’ असा लावला आणि त्यावर इंग्रजीचा साज चढवून ‘ॲबॉमिनेबल स्नोमॅन’, म्हणजे किळसवाणा हिममानव, असे नाव जगाला दिले.

पुढे भाषाज्ञांनी दाखवून दिले की, मूळ शब्दाचा अर्थ ‘माणसासारखे अस्वल’ याच्या जवळ जाणारा होता. ‘यती’ या शब्दाचीही, खडकाळ जागेत राहणारे अस्वल, अशी एक व्युत्पत्ती अभ्यासक देतात. आपल्या संस्कृत ‘यती’शी त्याचे साम्य केवळ उच्चारापुरते आहे. म्हणजे स्थानिकांच्या शब्दांत अस्वल पहिल्यापासून होते. भाषांतरात ते गळाले आणि त्या जागी अर्धा माणूस उभा राहिला. त्यानंतर जगाने जे शोधावयास घेतले ते शेर्पांनी सांगितलेले नव्हते, वृत्तपत्राने सांगितलेले होते. जे कोणी नेमके वर्णिलेलेच नाही, त्याचा पुरावा सापडणे अवघड असते. कारण काय सापडले म्हणजे सापडले असे म्हणावयाचे, हेच ठरलेले नसते.

बर्फाची साक्ष

हिममानवाच्या पुराव्यांत पहिला मान पावलांचा. नोव्हेंबर १९५१ मध्ये एरिक शिप्टन आणि मायकेल वॉर्ड यांनी मेनलुंग हिमनदीवर काढलेले छायाचित्र जगप्रसिद्ध आहे. सुमारे १३ इंच लांबीचे ठसठशीत पाऊल आणि मापासाठी शेजारी ठेवलेली बर्फाची कुऱ्हाड. या एका छायाचित्राने पुढच्या दशकातील मोहिमांना जन्म दिला. १९५४ मध्ये लंडनच्या ‘डेली मेल’ने आपली स्वतंत्र मोहीम पाठविली. त्यामागून टॉम स्लिक या अमेरिकन धनिकाच्या मोहिमा आल्या. नेपाळ सरकारनेही १९५९ मध्ये रीतसर नियम लागू केले: हिममानवाच्या शोधासाठी पाच हजार भारतीय रुपये शुल्क भरावे, स्वसंरक्षणाखेरीज त्याला ठार मारू नये, आणि छायाचित्र वा जिवंत प्राणी हाती लागल्यास तो सरकारच्या स्वाधीन करावा.

परंतु बर्फ हा मोठा अविश्वासू साक्षीदार आहे. ऊन लागले की ठशाच्या कडा वितळतात आणि ठसा चहूबाजूंनी पसरतो. सकाळचे सहा इंची पाऊल सायंकाळी दुप्पट भासू शकते. अस्वल चालताना त्याचे मागचे पाऊल पुष्कळदा पुढच्या पावलाच्या ठशावर पडते. दोन ठशांचा मिळून एक लांबट ठसा होतो आणि चार पायांचा प्राणी दोन पायांचा वाटू लागतो. विरळ हवेत थकलेला, उन्हाने डोळे दिपलेला माणूस ते पाहतो. दुसऱ्या दिवशी तपासावयास जावे, तर ठसा उरलेला नसतो. मागे राहते ते छायाचित्र, आणि छायाचित्रातून केस, रक्त वा हाड काढता येत नाही.

मठांतील अवशेष

हातात घेता येईल असा पुरावा होता तो बौद्ध मठांत. एव्हरेस्टच्या वाटेवरील खुमजुंग गावात हिममानवाचे म्हणून एक शिरोचर्म, म्हणजे केसांसकट डोक्याची कातडी, जपून ठेवलेले आहे. १९६०-६१ च्या मोहिमेत सर एडमंड हिलरी यांनी गावकऱ्यांची समजूत घालून ते काही आठवड्यांसाठी मागून घेतले. गावाने आपल्या ठेव्याबरोबर खुंजो चुंबी या वडीलधाऱ्या गृहस्थांना धाडले. शिकागो, पॅरिस आणि लंडन येथील तज्ज्ञांनी ते तपासले. निष्कर्ष असा निघाला की, सेरो नावाच्या, शेळी आणि हरीण यांच्या मधला दिसणाऱ्या डोंगरी प्राण्याच्या कातड्याला साच्यावर ताणून तो आकार दिलेला होता. त्याच मोहिमेने हिममानवाची म्हणून विकत घेतलेली कातडी तिबेटी अस्वलाची निघाली.

पांगबोचे येथील मठात हिममानवाचा हात म्हणून एक अवशेष होता. टॉम स्लिकच्या मोहिमेतील पीटर बर्न यांनी त्यातील एक बोट मिळविले. ते हिंदुस्थानातून इंग्लंडला नेण्याचे काम हॉलिवुडचे नट जेम्स स्टुअर्ट यांच्या सामानाने केले. अनेक वर्षे ते बोट लंडनच्या एका संग्रहात पडून राहिले. २०११ मध्ये एडिंबरो येथे त्याचा डीएनए तपासला गेला. बोट माणसाचे होते. मठातील उरलेला हात तोवर चोरीला गेलेला होता.

मग आनुवंशिक तपासणीचे युग आले. ऑक्सफर्डचे ब्रायन साइक्स यांनी जगभरातून अशा अज्ञात प्राण्यांचे म्हणून आलेले केस मागविले आणि त्यांतील ३० नमुन्यांचा निकाल २०१४ मध्ये प्रसिद्ध केला. त्यांत गाय निघाली, घोडा निघाला, लांडगा वा कुत्रा, साळ, तापीर, अस्वल आणि एक माणूसही निघाला. लडाख आणि भूतान येथील दोन नमुने प्राचीन ध्रुवीय अस्वलाशी जुळतात, असे त्यांना वाटले होते. इतर शास्त्रज्ञांनी फेरतपासणी केली तेव्हा ती हिमालयातील नेहमीची तपकिरी अस्वले ठरली. २०१७ मध्ये अमेरिकेतील बफेलो विद्यापीठाच्या शार्लट लिंडक्विस्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हिममानवाचे म्हणून जपलेले नऊ नमुने तपासले. त्यांत हाड, दात, कातडी, केस आणि विष्ठाही होती. आठ नमुने अस्वलांचे निघाले, एक कुत्र्याचा.

उचंत खाते

हिशेबाचे काम करणाऱ्या वाचकांना ‘उचंत खाते’ समजावून सांगावयास नको. ज्या रकमेचे शीर्ष ठरत नाही ती रक्कम तात्पुरती उचंत खात्यात टाकतात. पुढे चौकशीअंती योग्य शीर्ष सापडले की ती तिकडे वर्ग होते. हिममानव हे हिमालयाच्या प्राणिशास्त्राचे असेच एक उचंत खाते आहे. ठसा दिसला, केस सापडला, अंधारात आकृती हलली. कोणाची ते कळेना. टाका हिममानवाच्या नावावर. तपास झाला की शिरोचर्म सेरोच्या नावे जाते, बोट माणसाच्या नावे, केस आणि हाडे अस्वलाच्या नावे. खात्यात पुन्हा शिल्लक काही राहत नाही.

पुरावा हाती का लागत नाही, या कोड्याचे उत्तर येथे आहे. ज्या वस्तूची तपासणी होऊ शकते, ती तपासणीनंतर हिममानवाची उरत नाही. उरतात त्या फक्त तपासता न येणाऱ्या गोष्टी: वितळलेला ठसा, दूरवरून काढलेले अस्पष्ट छायाचित्र, चोरीला गेलेला हात, तिसऱ्याने सांगितलेली हकीकत. १९८६ मध्ये एका ब्रिटिश प्रवाशाने गढवालच्या बर्फाळ उतारावर उभ्या असलेल्या हिममानवाची म्हणून छायाचित्रे काढली होती. पुढल्या वर्षी त्याच जागेची मोजणी झाली तेव्हा ती आकृती खडकाची ठरली, आणि छायाचित्रकाराने तसे मोकळेपणी मान्य केले. जागा सापडली म्हणून ही नोंद बंद झाली. ज्यांची जागा सापडत नाही, त्या नोंदी कायम उघड्या राहतात आणि आख्यायिका त्यांवरच जगते. ‘अजून एकही गोष्ट खोटी ठरलेली नाही’ असे जेव्हा कोणी उरलेल्या गोष्टींबद्दल सांगतो, तेव्हा तो केवळ एवढेच सांगत असतो की त्या तपासण्याजोग्या नाहीत.

दुर्मिळ म्हणजे अदृश्य नव्हे

यावर एक न्याय्य आक्षेप घेतला जातो. रानात मेलेल्या जनावराचे अवशेष कितीसे सापडतात? सह्याद्रीत वर्षानुवर्षे हिंडणाऱ्यालाही आपल्या मरणाने मेलेल्या बिबट्याचा सांगाडा क्वचितच दिसतो. तरस, कोल्हे, साळी, किडे आणि पाऊस मिळून थोड्या अवधीत सारे निस्तरतात. हे खरे आहे. पण बिबट्या आहे हे कळावयास त्याचा सांगाडा लागत नाही. त्याची विष्ठा, झाडावरचे ओरखडे, उचललेली शेळी यांवरून तो पंचक्रोशीला ठाऊक असतो.

हिममानवाच्याच प्रदेशात हिमबिबट्या राहतो, आणि त्याच्याइतका दृष्टीआड राहणारा प्राणी विरळा. त्याची रानातली पहिली छायाचित्रे जॉर्ज शॅलर यांनी १९७० मध्ये चित्राल भागात काढली. १९७३ मध्ये शॅलर यांच्याबरोबर नेपाळच्या डोल्पो भागात गेलेले लेखक पीटर मॅथिसन यांनी हिमबिबट्याच्या नावाचाच प्रसिद्ध ग्रंथ लिहिला. त्या साऱ्या प्रवासात त्यांना तो दिसला नाही. पण त्याच्या खुणा मात्र वाटेवर जागोजाग होत्या. दिसत नव्हता तो प्राणी. त्याच्या असण्याबद्दल शंका नव्हती. पुढे भारत सरकारने २०१९ ते २०२३ या काळात केलेल्या गणनेत १,९७१ ठिकाणी स्वयंचलित कॅमेरे लावण्यात आले. त्यांत २४१ वेगवेगळे हिमबिबटे टिपले गेले आणि देशातील एकूण संख्या ७१८ असल्याचा अंदाज बांधता आला. या कॅमेऱ्यांसमोरून हिममानव एकदाही गेला नाही.

आणखी एक गोष्ट विचारात घ्यावी लागते. शंभर वर्षे टिकून राहावयाचे तर एकटादुकटा प्राणी पुरत नाही; नर, माद्या, पिले असा चांगला मोठा समूह लागतो. हिमरेषेच्या वर मोठ्या देहाला पुरेल असे अन्न नाही. म्हणजे त्या समूहाला खालच्या अरण्यात आणि कुरणांत उतरावेच लागणार, आणि तेथे याक चारणारी माणसे शतकानुशतके वावरत आहेत.

अज्ञात मोठा प्राणी आजच्या काळात सापडूच शकत नाही असे मात्र कोणी समजू नये. मे १९९२ मध्ये व्हिएतनामच्या वू क्वांग अरण्यात पाहणी करणाऱ्या पथकाला शिकाऱ्यांच्या घरांत लांब, सरळ शिंगे दिसली. ती कोणत्याही ज्ञात प्राण्याशी जुळत नव्हती. तपासणीअंती गुराएवढ्या वंशातील एक सर्वस्वी नवा प्राणी, साओला, शास्त्राच्या यादीत आला. तो इतका दुर्मिळ की, रानातल्या स्वयंचलित कॅमेऱ्यांत तो १९९९ आणि २०१३ अशा मोजक्याच वेळी आला. खुमजुंगच्या मठातील शिरोचर्म आणि वू क्वांगच्या घरांतील शिंगे यांत फरक श्रद्धेचा नाही. दोन्ही स्थानिक लोकांनी जपलेल्या वस्तू होत्या, दोन्ही तपासणीला सामोऱ्या गेल्या. शिंगे नव्या प्राण्याची ठरली, शिरोचर्म जुन्याच प्राण्याचे ठरले. शास्त्राने दोघांनाही एकच माप लावले.

खानदेशातला धडा

पुरावा म्हणजे केवळ वस्तू नव्हे. ती कोठे, केव्हा, कोणाला मिळाली याची खरी नोंद हाही पुराव्याचाच भाग आहे. याचे उत्तम उदाहरण महाराष्ट्राच्या भूमीवर घडलेले आहे. रानपिंगळा या लहानशा घुबडाची शास्त्रात नोंद १८७३ मध्ये झाली. जगभरच्या संग्रहालयांत त्याचे जेमतेम सात खरे नमुने, त्यांतील शेवटचा १८८४ चा. पण आणखी एक नमुना होता. रिचर्ड माइनर्टझ्हागन या नामांकित ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्याने तो आपण १९१४ मध्ये गुजरातेतील मांडवी येथे मिळविला, असा दावा केला होता. एका प्रतिष्ठिताच्या शब्दावर विश्वास बसला आणि शोधाची दिशा चुकली.

पामेला रासमुसेन या पक्षिशास्त्रज्ञ विदुषीने पुढे दाखवून दिले की तो नमुना चोरलेला होता. खानदेशात अधिकारी असलेल्या जेम्स डेव्हिडसन यांनी १८८० च्या दशकात मिळविलेला तो पक्षी ब्रिटिश संग्रहालयातून नाहीसा करून, पुन्हा भरून, त्यावर खोटी चिठ्ठी लावण्यात आली होती. खोटी चिठ्ठी बाजूला काढल्यावर खऱ्या चिठ्ठ्यांचा माग काढीत रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड ॲबट खानदेशात आले. आणि २५ नोव्हेंबर १९९७ रोजी शहाद्याजवळ, सातपुड्याच्या पायथ्याशी, रानपिंगळा दिवसाढवळ्या झाडावर बसलेला त्यांना दिसला. ११३ वर्षांनी! पुढे तो मेळघाटात आणि २०१४ मध्ये मुंबईजवळच्या तानसा अभयारण्यातही आढळला.

जो प्राणी खरोखर असतो तो खोट्या पुराव्यानंतरही सापडतो, किंबहुना खोटा पुरावा दूर केल्याने लवकर सापडतो. हिममानवाच्या बाबतीत याच्या उलट घडते. खोटा वा गैरसमजाचा पुरावा एकेक करून दूर केला की मागे जागाच रिकामी राहते.

शेर्पांचा दोष काय?

या साऱ्याचा अर्थ शेर्पांनी जगाला फसविले, असा कोणी काढील तर तो मोठा अन्याय होईल. खुमजुंगचे शिरोचर्म हे गावाच्या श्रद्धेचे वैभव होते. प्रयोगशाळेत सादर करावयाचे प्रमाणपत्र म्हणून ते कोणी घडविले नव्हते. आपल्याकडे जत्रेत देवाचे सोंग निघते, त्याला कोणी लबाडी म्हणत नाही. पहाडातील लोकांच्या भावविश्वात यती हा भयाचा, आदराचा आणि मुलांना सांगावयाच्या गोष्टींचा विषय आहे. त्याला हाडामांसाचा दाखला मागण्याची गरज बाहेरून आलेल्यांची होती आणि बाजारही त्यांनीच उभा केला. उलट, प्रत्यक्ष पावलांविषयी विचारले तेव्हा त्याच लोकांनी २०१९ मध्येही ‘अस्वल’ असे साधे, सरळ उत्तर दिले. आपण ते ऐकून घेतले नाही.

ज्येष्ठ गिर्यारोहक राइनहोल्ड मेसनर यांना १९८६ मध्ये तिबेटात संध्याकाळच्या अंधूक प्रकाशात एक अवाढव्य प्राणी दिसला. ते त्यामागे अनेक वर्षे हिंडले, मेंढपाळांशी आणि मठवासीयांशी बोलले, आणि अखेर आख्यायिकेचा उगम अस्वलातच आहे, या निर्णयाला आले. त्यांनी आपला अनुभव नाकारला नाही आणि त्याचा हट्टही धरला नाही. नाव शोधण्याची तसदी मात्र घेतली. अशी तसदी घेणे वर्गात शिकविण्याजोगे आहे. ‘मी पाहिले’ या विधानाची टवाळी न करता, ‘काय पाहिले, कोठे, किती उजेडात, आणि मागे काय उरले?’ असे चार प्रश्न विचारण्याची सवय विद्यार्थ्याला लागली, तर ती हिमालयापुरती उपयोगी पडणार नाही. गावच्या भुताटकीपासून निवडणुकीतल्या अफवेपर्यंत सर्वत्र कामी येईल.

या शोधात एक मोठी प्राप्तीही झाली, ती कोणाच्या मनात नसताना. लिंडक्विस्ट यांनी तपासलेल्या नमुन्यांवरून हिमालयातील तपकिरी अस्वलाची स्वतंत्र वंशशाखा सुमारे साडेसहा लाख वर्षांपूर्वी इतरांपासून वेगळी झाली असावी, असे दिसून आले. म्हणजे हिममानवाच्या नावावर जमा झालेले काही अवशेष खरोखरच एका प्राचीन, दुर्मिळ आणि अद्भुत प्राण्याचे होते. हे तपकिरी अस्वल आज नामशेष होण्याच्या मार्गावर आहे. त्याची कुरणे आटत आहेत, गुराख्यांशी त्याचा संघर्ष वाढत आहे, आणि त्याची संख्या नेमकी मोजण्यासाठी लागणारी माणसे व पैसा अपुरा आहे. नसलेल्या प्राण्याच्या पावलांसाठी जगाने मोहिमा काढल्या. ती पावले ज्याची होती, त्याच्यासाठी तितकी धावपळ कोणी केली नाही. हिममानवाचे खाते आता मिटवावयास हरकत नाही. मात्र त्यातून ज्याच्या नावे रक्कम वर्ग झाली, त्या अस्वलाचे खाते बंद पडू नये एवढी काळजी आपण घेतली पाहिजे.